पणजीची वेलांटी आणि फुकटचे प्रोग्रामर

आमच्या फोरमवर कुडचडे आणि काणकोण ही गोव्यातली दोन गावं बरेच दिवस एकाच टॅगखाली, म्हणजे विषयाच्या एकाच चिठ्ठीखाली, नांदत होती. टॅगचं नाव 'क'. म्हापसा 'म'मध्ये गेलं होतं, फोंड्याचं नुसतं 'फ' झालं होतं आणि पणजीचं 'पणज'. पणजीची ती गळलेली वेलांटी निळ्या लिंकच्या बाहेर, ठिपक्यांच्या एका गोलाला लटकून बसलेली असायची. सगळ्या यादीत एकटी मडकई तेवढी धडधाकट होती. का, ते पुढे सांगतो, कारण मला जे काय सांगायचंय ते त्या मडकईतच आहे.

आधी थोडं मागचं. गोव्यात जत्रा म्हटली की नाटक आलंच, आणि तेसुद्धा मराठी, गावच्याच पोरांनी बसवलेलं, रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं. आम्ही काही लोक अशा हौशी नाट्यमंडळांसाठी आणि भजनी मंडळांसाठी एक छोटा फोरम चालवतो. कुठल्या जत्रेला कुठलं नाटक आहे, कोणाकडे पडदे भाड्याने मिळतील, पेटी वाजवणारा ऐनवेळी आजारी पडलाय दुसरा कोण येईल का, नाटक सुटल्यावर परतीची पहिली बस किती वाजता, असलं सगळं. आधी हे वॉट्सॅपवर चालायचं पण वॉट्सॅपवर गेल्या वर्षीचं काही म्हणजे काही सापडत नाही, दर वर्षी तोच प्रश्न नव्याने विचारायचा आणि त्याला तेच उत्तर नव्याने द्यायचं. म्हणून फोरम. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना मोकळा, फुकट उतरवून घेतलेलं. त्याचं नाव मुद्दामच घेत नाही, पुढे त्याची उणीदुणी काढणार आहे आणि ते बनवणारी माणसं भली आहेत. मी दिवसा पर्वरीला एका ऑफिसात नोकरी करतो आणि रात्री हा सर्व्हर सांभाळतो, बायको म्हणते हे दुसरं लग्न आहे.

तर लोकांना वाटतं की असलं सॉफ्टवेअर कुठल्या तरी मोठ्या कंपनीने बनवलेलं असणार. तसं काही ठिकाणी आहे पण, डिस्कोर्स नावाचं फोरमचं सॉफ्टवेअर घ्या, २०१३ मध्ये जेफ अॅटवूड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी आणलं, त्यामागे कंपनी आहे, होस्टिंग विकून पगार निघतात, तरी कोड मोकळा आहे आणि बाहेरचे लोक त्यात भर घालत असतात. पण त्याच्या आधीची पिढी निव्वळ हौशी. पीएचपीबीबी २००० साली सुरू झालं ते एका माणसाला स्वतःच्या साईटसाठी फोरम पाहिजे होता म्हणून. साईट बनवायचं ड्रुपल तर अँटवर्पला हॉस्टेलात राहणाऱ्या पोरांच्या मेसेज बोर्डातनं आलं, ड्रीस बायटार्ट नावाच्या विद्यार्थ्याने जानेवारी २००१ मध्ये तो कोड सगळ्यांना मोकळा केला, आणि त्याच ड्रुपलवर पुढे आपल्या मायबोली, मिसळपावसारख्या साईट चालल्या. मराठीत रात्र रात्र वाद घालणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल की आपल्या पायाखालची जमीन बेल्जियमच्या एका हॉस्टेलातली आहे!

पण नुसतं ड्रुपल असून मराठीचं भागलं नसतं. त्या काळी कंप्युटरवर देवनागरी टायपायची म्हणजे विंडोजची सीडी शोधा, सेटिंगमध्ये जाऊन भाषा चालू करा, आणि सायबर कॅफेत बसला असाल तर आधी त्या मालकाची मनधरणी करा. मग गमभन आलं आणि ब्राउझरच्या चौकटीतच रोमन अक्षरं मारली की देवनागरी उमटायला लागली. ते आपल्याच एका मराठी प्रोग्रामरने केलं होतं. बेल्जियमच्या माणसाला हे कधीच सुचलं नसतं आणि त्यात त्याचा दोष काही नाही, त्याला ती अडचणच नव्हती. ज्याचं अडतं तोच करतो, एवढा साधा हिशेब आहे ह्या सगळ्या फुकट कामाचा. समाजसेवा वगैरे शब्द ऐकले की मला अवघडल्यासारखं होतं.

मला स्वतःला हा नाद लागला तो पीएचपीबीबीच्या मॉडमुळे. आजच्या पोरांना मॉड म्हणजे काय ते सांगितलं तर हसतात. नवीन फीचर पाहिजे, समजा पोस्टखाली 'धन्यवाद'चं बटण, तर कोणीतरी बनवलेला मॉड उतरवायचा, आणि तो मॉड म्हणजे प्रोग्राम नसायचाच मुळी, सूचनांची एक टेक्स्ट फाईल असायची. ओपन, म्हणजे अमुक फाईल उघड. फाइंड, म्हणजे त्यात ही ओळ शोध. आफ्टर अॅड, म्हणजे त्या ओळीखाली हे घाल. मग सेव्ह करून सगळं परत एफटीपीने सर्व्हरवर चढव. हे सगळं हाताने, नोटपॅडमध्ये. दोन मॉडना एकाच ओळीखाली आपापलं घालायचं असलं की पहिला दुसऱ्याला ती ओळ सापडू द्यायचा नाही. एक अर्धविराम सुटला की अख्खा फोरम पांढरा, आणि तेवढ्यात लाईट गेली तर विचारूच नका, फाईल अर्धी वर गेलेली आणि तुम्ही अंधारात बसलेले.

एवढं करून फीचर बसलं तरी खरी गोम पुढेच होती. फोरमची नवीन आवृत्ती आली की मूळ फाईली बदलायच्या, म्हणजे तुम्ही घातलेलं सगळं साफ. मग परत पहिल्यापासून ओपन, फाइंड, आफ्टर अॅड. त्यामुळे ज्यांनी हौसेने मॉड ठासले होते ते लोक अपडेटचं नाव काढलं की अंग चोरायचे. २००४ च्या डिसेंबरात सँटी नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम, आला तो याच आळसावर पोसला. पीएचपीबीबीच्या टॉपिक दाखवणाऱ्या फाईलीत एक भोक होतं, त्यातनं शिरायचा, साईटच्या पानांवर आपलं नाव लिहायचा आणि पुढचं गिऱ्हाईक चक्क गूगलवर सर्च मारून शोधायचा. दुरुस्ती नोव्हेंबरातच आली होती. ज्यांनी अपडेट टाकलं ते वाचले.

पुढे २०१४ च्या ऑक्टोबरात पीएचपीबीबी ३.१ मध्ये एक्सटेन्शन आली. आता तुमचा कोड वेगळ्या फोल्डरात राहतो, मूळ फाईलींना हात लावायचा नाही, मूळ कोडमध्ये जागोजागी ठरवून ठेवलेली ठिकाणं असतात तिथे तुमचा कोड स्वतःला अडकवून घेतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल पण माझ्या मते फोरमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या लोकांनी जी काय भर घातली त्यात ही सगळ्यात मोठी सोय, कारण यामुळे बाहेरच्या माणसाला काम करायला रीतसर दार मिळालं. त्याआधी सगळेच खिडकीतनं उड्या मारत होते.

हां, तर मडकई.

आमच्या फोरमवर पोस्टमध्ये हॅशच्या खुणेपुढे काही लिहिलं की त्याचा टॅग बनतो. हे फीचर नवीन आवृत्तीत आलं, कोणीतरी बाहेरच्याच प्रोग्रामरने दिलेलं, आणि इंग्रजीत ते मस्त चालतं. आमच्याकडे चालू केल्यावर वर सांगितलेला गोंधळ. डिचोलीचा एक पोरगा आहे, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो, नाटकात मृदंगाला असतो. त्याने रविवारी बसून कारण शोधलं. टॅग कुठे संपतो हे ठरवणारा एक रेजेक्स, म्हणजे अक्षरं ओळखायचा साचा, होता आणि त्यात लिहिलं होतं की अक्षर, अंक आणि खालची रेघ एवढंच टॅगमध्ये घ्या. आता युनिकोडच्या, म्हणजे कंप्युटरसाठी सगळ्या लिप्यांची जी एक यादी आहे तिच्या, दृष्टीने 'प', 'ण', 'ज' ही अक्षरं, लेटर. पण 'जी'ची वेलांटी लेटर नाही, तो मार्क, म्हणजे चिकटून येणारी खूण. काना, मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्ताचा पाय, सगळेच मार्क. त्यामुळे रेजेक्स 'पणज'पर्यंत आला, वेलांटी बघितली, म्हणाला हे अक्षर नव्हे, आणि तिथेच थांबला. फोंड्यात 'फ'नंतर लगेच ओकार. कुडचड्यात 'क'नंतर उकार, काणकोणात 'क'नंतर काना, दोघेही 'क'वरच अडकले. मडकईत मात्र म, ड, क, ई, चारही सुटी अक्षरं, शेवटची 'ई' मात्रा नसून पूर्ण स्वर. म्हणून मडकई वाचली!

दुरुस्ती म्हणजे त्या कंसात 'आणि मार्क' एवढं घालायचं. एका ओळीचा बदल. पोरगा म्हणाला, "दादा, आपल्या सर्व्हरवर बदलून टाकतो, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं बाबा नको, तोच तर मॉडवाला जुना धंदा झाला, पुढच्या अपडेटला परत गळेल. रीतसर पुल रिक्वेस्ट पाठव, म्हणजे 'हा बदल आत घ्या' अशी मूळ सॉफ्टवेअरवाल्यांना विनंती.

ती एक ओळ आत जायला चतुर्थी उलटून दसरा आला. म्हणजे काम होतं असं नाही, बोलणं होतं. रिव्ह्यूला, म्हणजे बदल तपासायला, जी बाई होती ती युरोपातली, तिची संध्याकाळ म्हणजे आमची मध्यरात्र, ती प्रश्न विचारून झोपायची, पोरगा सकाळी कॉलेजच्या बसमध्ये मोबाईलवर उत्तर द्यायचा. तिचा पहिला प्रश्न, हे फक्त तुमच्या भाषेचं आहे की इतरांचंही? मग कळलं की तमिळ, बंगाली, थाई सगळ्यांचं हेच होत होतं, थाईच्या लोकांनी तर फीचर बंदच करून ठेवलं होतं, कोणी तक्रार केली नव्हती एवढंच. दुसरा प्रश्न, टेस्ट कुठाय? म्हणजे उद्या कोणी हा रेजेक्स पुन्हा बदलला तर आपोआप बोंब मारणारा कोड. त्या टेस्टमध्ये आता पणजी, फोंडा, कुडचडे आणि काणकोण कायमचे जाऊन बसलेत, जगात कुठेही कोणी ते सॉफ्टवेअर बिल्ड केलं की आमची गावं तपासली जातात. पोराने हे घरी सांगितलं तर आई म्हणाली डिचोली का नाही घातलीस.

तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. हाच रेजेक्स युजरच्या नावालाही वापरला जातोय हे तिने बघितलं, आम्ही बघितलं नव्हतं. आणि तेवढ्यात आमच्या टीचरनी नवीन भानगड काढली.

टीचर म्हणजे निवृत्त मराठी शिक्षिका, आमच्या फोरमवरच्या सगळ्यात कडक टेस्टर, त्यांना कोड म्हणजे काय ते माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. आम्ही दुरुस्ती एका वेगळ्या सर्व्हरवर लावून सगळ्यांना बघायला दिली होती. दुपारी टीचरचा फोन, "अरे पुता, माझ्या बसफेऱ्या परत मोडल्या मरे." बघितलं तर खरंच, बाकीच्यांचा बसफेऱ्यांचा टॅग अख्खा आणि त्यांचा 'बसफेर्' इथे तुटलेला. कारण त्या जुन्या कंप्युटरवर जुन्या कीबोर्डाने टायपतात. 'ऱ्या' दोन तऱ्हेने लिहिता येतो. मोबाईलवर बहुतेक नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला वेगळा 'ऱ' येतो, त्याला पाय आणि मग 'या'. जुन्या पद्धतीत साधा 'र', पाय, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह, आणि मग 'या'. पडद्यावर दोन्ही सारखेच, डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी फरक दिसणार नाही. पण तो जॉइनर युनिकोडच्या हिशेबात लेटर नाही आणि मार्कही नाही, तिसऱ्याच जातीचा आहे. म्हणजे आमची एका ओळीची दुरुस्ती बाकी भारताला पुरली आणि मराठीलाच अपुरी पडली.

मग जॉइनरलाही आत घ्या म्हटलं, तर ती बाई म्हणाली टॅगमध्ये घ्या, युजरच्या नावात मी घेऊ देणार नाही. का, तर न दिसणारं चिन्ह नावात चालायला लागलं की कोणीही टीचरच्या नावात एक अदृश्य जॉइनर घुसवून दुसरी टीचर बनवेल आणि त्यांच्या नावाने वाटेल ते लिहील. बरोबर होतं तिचं. रेजेक्स दोन झाले, टॅगचा वेगळा आणि नावाचा वेगळा.

पुढे पोराने अजून एक सुचवलं, की दोन्ही 'ऱ्या' जर दिसायला एकच आहेत तर सेव्ह करतानाच जॉइनरवाला बदलून दुसरा करून टाकू, म्हणजे एकच टॅग राहील. यावर एक नेपाळी प्रोग्रामर उगवला. तो म्हणाला, आमच्याकडे 'गर्‍यो' आम्ही जॉइनर घालूनच लिहितो, तुमचा तो नुक्तावाला 'ऱ' आम्ही वापरत नाही, माझा मजकूर परस्पर बदलू नका. आता ह्याला काय उत्तर देणार, तो त्याच्या जागी शंभर टक्के बरोबर. शेवटी ठरलं की लोकांनी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा ठेवायचा, फक्त दोन टॅग एकच आहेत का हे आतल्या आत बघताना दोन्ही रूपं एक धरायची. मराठीतल्या चंद्राच्या कोरीसारख्या त्या 'र'बद्दल गोवा, युरोप आणि नेपाळ अशी तिघांची एवढी चर्चा झाली, आणि तिघांपैकी कोणालाही एक पैसा मिळाला नाही.

कोड शेवटी किती झाला, तर मूळ बदल दोन-तीन ओळी, टेस्ट त्याच्या कितीतरी पट, आणि जुन्या पोस्टी परत नीट करायला एक छोटी स्क्रिप्ट. लोकांनी टायपलेला मूळ मजकूर सॉफ्टवेअर वेगळा जपून ठेवतं म्हणून बरं, नाहीतर त्या 'क'च्या ढिगातनं कुडचडे कुठलं आणि काणकोण कुठलं हे हाताने निवडत बसावं लागलं असतं.

हे एवढं लांबण लावून सांगितलं ते यासाठी की फुकट प्रोग्रामर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोड लिहिणारा येतो. लिहिणारे ढिगाने मिळतात हो. वाचणारे मिळत नाहीत. आमच्या जत्रेच्या नाटकात जसं सगळ्यांना राजा व्हायचं असतं आणि पडदा ओढायला, मेकअपचं सामान परत मोजून ठेवायला कोणी नसतं, तसं आहे हे. ड्रुपलमध्ये तर प्रत्येक सुधारणेला पाटी लावायची पद्धत आहे, 'रिव्ह्यू हवाय', 'अजून काम हवंय', आणि 'लोकांनी तपासलंय, टेस्ट केलंय' ही शेवटची पाटी लागल्यावरच पुढे विचार होतो. ती पाटी लावायला मुख्य टीममधलंच कोणी लागत नाही, तपासणारा कोणीही चालतो, फक्त ज्याने कोड लिहिला त्यानेच लावायची नसते. तरी कित्येक चांगले पॅच, म्हणजे सुधारणा, 'रिव्ह्यू हवाय'च्या पाटीखाली वर्षानुवर्षं झोपून असतात.

आणि वाचणाऱ्यांवर किती ताण येतो ते २०२० च्या हॅक्टोबरफेस्टला सगळ्यांनी बघितलं. डिजिटलओशन कंपनीचा हा उपक्रम २०१४ पासून चालतो, ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्सला हातभार लावा आणि टी-शर्ट मिळवा, अशी तेव्हा त्याची पद्धत होती. २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्टना एक टी-शर्ट होता. यूट्यूबवरच्या एका व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी करतात ते दाखवताना उदाहरण म्हणून नावापुढे एखादा कौतुकाचा शब्द जोडून दाखवला, आणि मग हजारोंनी तेच केलं, प्रोजेक्ट सांभाळणारे मेंटेनर लोक सकाळी उठून बघतात तर रीडमी नावाच्या माहितीच्या फाईलीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' घालणाऱ्या रिक्वेस्टींचा खच. यात आपल्या देशातली पोरं भरपूर होती हे मान्य करायला पाहिजे. शेवटी महिना चालू असतानाच नियम बदलावे लागले, ज्या प्रोजेक्टला पाहिजे त्याने स्वतःहून भाग घ्यायचा असं केलं. आता टी-शर्टची गरज उरली नाही, एआयला सांगितलं की पाच मिनिटांत पानभर कोड आणि वर नम्र इंग्रजी पत्र तयार, फक्त तो कोड कशासाठी आहे हे पाठवणाऱ्यालाच विचारलं तर तोंड बंद. माझं मत विचाराल तर कोड कोणी का लिहीना, मशीनने लिहिला तरी चालेल, पण तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला माणूस जागेवर पाहिजे.

'नाही' ऐकून घेण्याचीही सवय लागते. आम्हाला नाटकांचं कॅलेंडर मूळ सॉफ्टवेअरमध्ये घालायचं होतं, तिथीसकट, कारण आमच्या जत्रा तिथीवर असतात, तारखेवर नाही. ते सरळ नको म्हणाले. तेव्हा राग आला. पण आता बघतो तर त्यांचं पटतं, कारण एकदा ते आत गेलं असतं की पंचांगाचं गणित पुढची दहा वर्षं कोणी सांभाळायचं, त्या युरोपातल्या बाईने? फीचर देणारा नोकरी बदलतो, लग्न करतो, दुबईला जातो. फीचर तिथेच राहतं आणि दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. ड्रुपल ८ आलं २०१५ मध्ये आणि ७ वरची मॉड्युलं, म्हणजे बाहेरच्यांनी जोडलेली फीचर, नव्याने लिहावी लागली, ज्यांचे लेखक गायब होते ती तशीच राहिली, आणि त्यांच्यापायी अडकून पडलेल्या साईटसाठी ड्रुपल ७ ची मुदत वाढवत वाढवत ५ जानेवारी २०२५ पर्यंत न्यावी लागली. आमचं कॅलेंडर आता प्लगिन, म्हणजे बाहेरून जोडलेला तुकडा, आहे, बिघडलं तर आमचं आम्ही बघतो.

टॅगचं झाल्यावर पोराने सर्च घेतलाय, आणि तिथे मोठं रान मोकळं आहे. आम्ही आधी जुन्या सर्व्हरवर मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरायचो, त्याच्या जुन्या मायआयसॅम टेबलांत चारपेक्षा कमी अक्षरांचा शब्द सर्च सरळ गाळून टाकतो, तशी मूळ सेटिंगच आहे. ही अक्षरं मोजताना काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे 'मासे' सापडायचे, चार भरतात, पण 'पाव' तीनच, म्हणून सापडायचा नाही. गोव्यात पाव सापडत नाही हे कोणाला सांगायची सोय आहे का! आता पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आलोय, तिथे ती अडचण नाही पण दुसरी आहे. टीचर 'फोंडा' शोधतात आणि 'फोंड्यात', 'फोंड्याहून', 'फोंड्याच्या' असलेली एकही पोस्ट येत नाही. इंग्रजीत शब्दाची शेपटी कापून मूळ रूप काढणारा स्टेमर असतो तसा मराठीला पोस्टग्रेसमध्ये नाही. हिंदीचा २०२१ मध्ये, १४ व्या आवृत्तीपासून आला, तो स्नोबॉल नावाच्या मोकळ्या प्रोजेक्टमधून घेतलेला, म्हणजे तो कुठल्या तरी हिंदीवाल्याचं अडलं म्हणून आला असणार. हिंदीचा मराठीला लावून बघितला, उपयोग नाही, हिंदीत विभक्ती बहुतेक सुटी लिहितात, आपल्याकडे ती शब्दाला चिकटते आणि चिकटताना शब्दच बदलून टाकते. 'म्हापसा'चं 'म्हापशात' होताना 'स'चा 'श' होतो, तो कुठल्या नियमाने कापायचा?

टीचरनी यात स्वतःला झोकून दिलंय. त्यांनी शाळेच्या जुन्या वहीत सामान्यरूपांचे तक्ते काढलेत, आकारान्त पुल्लिंगी वेगळे, ईकारान्त स्त्रीलिंगी वेगळे, आणि पोरगा ते तक्ते बघून नियम लिहितोय. दोघांची भांडणं ऐकण्यासारखी असतात. तो म्हणतो 'च्या', 'ला', 'त' दिसले की कापू, त्या म्हणतात मग 'शाळा' ठीक पण 'माला'चं काय करशील, 'मा' उरेल. तो म्हणतो टीचर, अपवाद चालतात, त्या म्हणतात अपवाद तुझ्या इंग्रजीला चालतात. गोव्यातल्या गावांचा आणखी वेगळा घोळ, 'साखळी' आणि 'सांखळी', 'मडगाव' आणि 'मडगांव', कोकणी लिहिणारा एक लिहितो मराठी लिहिणारा दुसरं, आणि पुष्कळदा एकच माणूस दोन्ही लिहितो. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये समानार्थी शब्दांची साधी फाईल ठेवता येते, एका ओळीत दोन शब्द, डावीकडचा सापडला की उजवीकडचा धरायचा. ती यादी आम्ही वर कोणाला पाठवणार नाही, ती आमच्याच सर्व्हरवर राहील, नेपाळच्या माणसाला साखळीशी काय करायचंय. स्टेमरचे नियम मात्र स्नोबॉलवाल्यांकडे पाठवायचेत, त्याला आधी तपासणीसाठी मराठी शब्दांची मोठी यादी लागते, शब्द आणि त्याचं अपेक्षित मूळ रूप अशी. सध्या टीचर 'घ'पर्यंत पोचल्यात.